नोकरी गेली, पगार अडला, केस टाकायची का? पुण्यातल्या नोकरदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकणला ठेकेदाराकडे काम करणारा वेल्डर, हिंजवडीतली टेस्टर, खासगी शाळेतले शिक्षक, लक्ष्मी रोडवरच्या दुकानातली विक्रेती. नोकरीत काही बिनसलं की सगळ्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, "केस टाकू का?" त्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कुठल्या दारात जायचं आणि मुदतीचे किती दिवस उरलेत. बाजू खरी असूनही माणसं हरतात ती बहुतेकदा इथेच. चुकीच्या ठिकाणी हेलपाटे घालण्यात महिने जातात आणि योग्य दार तोवर बंद होतं.

माझ्या ओळखपत्रावर 'सीनियर एक्झिक्युटिव्ह' लिहिलंय. मग मी कायद्याने कामगार आहे की नाही?

ओळखपत्रावर काय लिहिलंय याला फारसं महत्त्व नाही. कोर्ट बघतं ते तुम्ही रोज प्रत्यक्ष काय काम करता ते. हाताने, तांत्रिक, कारकुनी किंवा विक्रीचं काम करणारा माणूस कामगारात येतो. व्यवस्थापकीय काम मुख्य असेल तर तो बाहेर पडतो, आणि देखरेखीचं काम करणारा महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त पगार घेत असेल तर तोही बाहेर पडतो.

'टीम लीड' म्हणवणारी मुलगी दिवसभर स्वतःच कोड लिहीत असेल, कुणाची रजा मंजूर करण्याचा किंवा कुणाला कामावरून काढण्याचा अधिकार तिला नसेल, तर ती कामगार असल्याचा मुद्दा भक्कमपणे मांडता येतो. म्हणून हाताशी ठेवायचा पुरावा नेमणूकपत्रापुरता नको. रोजची कामं कोण वाटून देतं, रजेचा अर्ज कोणाकडे जातो, वार्षिक मूल्यमापनावर सही कोणाची असते, हे दाखवणारे ईमेल जपून ठेवा. पुढची सगळी लढाई या एका मुद्द्यावर उभी राहते, कारण पुन्हा कामावर घेण्याचा आदेश मागायचा हक्क मुख्यतः कामगाराला आहे.

मी मॅनेजर आहे. दिवाणी कोर्ट मला नोकरी परत मिळवून देईल का?

खासगी नोकरीत जवळजवळ नाहीच. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याप्रमाणे वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने पाळायला लावता येत नाही. मालकाने करार मोडून काढलं असेल तर भरपाई मागता येते, आणि तीही बऱ्याचदा नोटीस काळाच्या पगाराच्या आसपास थांबते. हे ऐकून लोक खचतात. पण दोन-तीन वर्षं तारखा केल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

मग कामगाराने दिवाणी कोर्टात का जायचं नाही? शिवाजीनगरचं कोर्ट तर सगळ्यांना माहीत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या खटल्यात ही वाट आखून दिली. जो हक्क कामगार कायद्यानेच निर्माण केला आहे, त्याची दाद त्या कायद्याने दिलेल्या मंचाकडेच मागायची. बेकायदा काढून टाकलं, नोकरकपातीची भरपाई दिली नाही, असली भांडणं लेबर कोर्टाची. दिवाणी दावा टाकला तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला 'या कोर्टाला अधिकार नाही' असा अर्ज देतो, आणि तो बरोबर असतो.

थकलेल्या पगाराचंही तेच. वेतन संहितेखाली जी रक्कम वसूल होऊ शकते, तिच्यासाठी दिवाणी दावा चालत नाही. दिवाणी कोर्टाकडे राहतं ते बाँडचं (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या लेखी हमीचं) भांडण, अडकवून ठेवलेली मूळ प्रमाणपत्रं परत मिळवणं, बदनामीची भरपाई, मॅनेजरची करारभंगाची भरपाई आणि सल्लागार किंवा फ्रीलान्सर म्हणून केलेल्या कामाचे पैसे. फ्रीलान्सरकडे लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर वकिलाला 'समरी सूट'बद्दल जरूर विचारा. त्यात समोरच्याला बचाव करायलाही आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते.

चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेलेला काळ मुदतीतून वजा करून मागता येतो, मुदत कायद्याच्या कलम १४ खाली. पण ती सवलत गृहीत धरू नका.

नवीन कामगार संहिता आल्या म्हणतात. माझ्यासाठी काय बदललं?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने केंद्रीय कायदे त्यांत सामावले. नोकरदाराच्या खिशाशी थेट संबंध असलेले बदल मोजकेच आहेत. नेमणूकपत्र देणं बंधनकारक झालं. वेतनाच्या व्याख्येत भत्त्यांना लगाम बसला: भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांना एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. आणि पगार वेळेवर मिळण्याची तरतूद आता मॅनेजरसकट सगळ्यांना लागू आहे, पूर्वीसारखी पगाराची मर्यादा नाही.

उलट्या बाजूला, कारखान्यात कपातीसाठी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. भोसरी-चाकणच्या मधल्या आकाराच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी ही मोठी गोष्ट आहे. ज्या कारखान्याला परवानगी लागत नाही, तिथेही एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराला कपातीपूर्वी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावाच लागतो. १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं की ते सलग वर्ष धरलं जातं.

दोन महिने पगार नाही. तक्रार कुठे करायची?

मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. 'फुल अँड फायनलला ४५ दिवस लागतात' हे कंपन्यांचं वाक्य वेतनाच्या बाबतीत आता चालणार नाही.

आधी कंपनीला ईमेल करा. भावनिक काही लिहू नका, महिने आणि रकमा लिहा. आठवडाभरात उत्तर नाही आलं तर वाकडेवाडीच्या कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पुढे सगळीकडे तोच क्रमांक विचारतात. वेतनाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, पण थांबू नका. कंपनी बंद पडली, पत्ता बदलला की वसुली कठीण होते.

कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली असेल तर वाट वेगळी. तिथे नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे 'फॉर्म डी' भरून मुदतीत दावा नोंदवायचा.

एचआरने खोलीत बसवलं आणि म्हणाले, "आत्ता राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेट करू, मग कुठेच नोकरी मिळणार नाही." काय करू?

सही करू नका. या पानावरचं हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे.

त्या खोलीत काय होतं ते बहुतेकांना ठाऊक आहे. फोन बाहेर ठेवायला सांगतात. समोर दोघं-तिघं बसतात. लॅपटॉपवर राजीनाम्याचा मजकूर आधीच टाइप केलेला असतो, 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द हमखास असतात. दहा मिनिटांत पाठवा म्हणतात. माणसाला घराचा हप्ता आठवतो आणि तो 'सेंड' दाबतो. त्या क्षणी कंपनीची सगळी जबाबदारी हलकी होते, कारण राजीनामा दिलेल्याला कपातीची भरपाई नाही, नोटीस नाही, आणि काढून टाकल्याची तक्रारही नाही.

तिथे एवढंच म्हणा: "मला विचार करायला वेळ हवा आहे. तुमचं म्हणणं ईमेलवर द्या." ओरडू नका, वाद घालू नका. खोलीतून बाहेर आल्यावर त्याच दिवशी, स्वतःच्या खासगी ईमेलला प्रत ठेवून, एचआरला लिहा: "आज दुपारी अमुक वाजता आपण मला राजीनामा देण्यास सांगितलेत. माझी राजीनामा देण्याची इच्छा नाही. मी कामावर हजर आहे व राहीन." चार ओळी पुरेत. दुसऱ्या दिवशी कामावर जा. कार्ड चालत नसेल तर गेटवरून, तारीख-वेळ दिसेल असा, तेवढाच एक ईमेल पुन्हा करा.

राजीनामा आधीच दिला असेल तर? कंपनीने तो स्वीकारल्याचं कळवण्याआधी मागे घ्या, लेखी. स्वीकारला असेल तरी सगळं संपत नाही. दडपणाखाली घेतलेली संमती भारतीय करार कायद्याप्रमाणे रद्द ठरवून मागता येते. पण दडपण सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि दोन महिन्यांनी आठवून लिहिलेल्या हकिकतीपेक्षा त्याच संध्याकाळचा ईमेल कोर्टात कितीतरी वजनदार ठरतो.

एक गैरसमज मात्र दूर करतो. आयटी कंपनीच्या ऑफिसला कपातीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. ती अट कारखाने, खाणी आणि मळ्यांसाठी आहे. मात्र कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्या आयटीतल्या माणसालाही नोटीस आणि भरपाईचा हक्क आहे.

कामावरून काढल्यावर किती दिवसांत दाद मागायची?

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची (मालकाच्या कायद्याने मना असलेल्या वागणुकीची) तक्रार ९० दिवसांत. औद्योगिक संबंध संहितेखाली समेट अधिकाऱ्याकडे वाद नेण्यासाठी दोन वर्षं. खासगी शाळेतल्या शिक्षक-कर्मचाऱ्यांसाठी १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात अपील, फक्त ३० दिवसांत. शिक्षक मंडळी संस्थाचालक ऐकतील या आशेवर हे ३० दिवस घालवतात, याचं फार वाईट वाटतं. संस्थेशी बोलणी चालू ठेवा, पण अपील दाखल करून.

गैरमार्गाने काढल्याचं सिद्ध झालं तर मागचा पगारही मिळू शकतो. दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा वेळी पुन्हा कामावर घेणं आणि मागचा पगार देणं हा साधारण नियम आहे. मात्र मधल्या काळात दुसरीकडे तेवढ्या पगाराची नोकरी नव्हती, हे आपल्या अर्जात स्पष्ट लिहावं लागतं.

व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुरावा म्हणून चालतात का?

चालतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. नुसता स्क्रीनशॉट छापून लावू नका. मूळ मेसेज फोनमध्ये राहू द्या, फोन बदललात तरी जुना विकू नका.

पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, हजेरीचे फोटो, नेमणूकपत्र हे आजच स्वतःच्या ईमेलवर घ्या. काढल्याच्या दिवशी लॅपटॉप अर्ध्या तासात बंद होतो. पण ग्राहकांची माहिती, कंपनीचा कोड, डिझाइन यांना हात लावू नका. त्यावरून उलट तुमच्यावरच केस होते आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

कंपनीने दोन वर्षांचा बाँड लिहून घेतलाय. आधी सोडलं तर दोन लाख भरावे लागतील?

बाँड आपोआप बेकायदा नसतो. २०२५ मध्ये विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती आणि नव्याने भरती करायचा खर्च मोठा, हे कोर्टाने पाहिलं. लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट वाजवी तेवढीच भरपाई देतं. प्रशिक्षणाच्या नावाखाली आठवडाभर प्रेझेंटेशन दाखवून लाखांचा बाँड मागणाऱ्या कंपनीला खर्चाचा हिशेब द्यावा लागेल. बाँडसाठी मूळ मार्कशीट अडकवली असेल, तर ती परत मागणारी नोटीस आधी पाठवा.

'नोकरी सोडल्यावर वर्षभर स्पर्धक कंपनीत जायचं नाही' ही अट वेगळी. नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी कलम २७ खाली निरर्थक आहे. नोकरी चालू असताना मात्र ती पाळावी लागते. गुपितं फोडायची नाहीत, हे बंधन नंतरही राहतं.

पीएफ कापतात, पण पासबुकात दिसत नाही.

तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा गुन्हा आहे, नुसती दिरंगाई नव्हे. यूएएनवरून (पीएफच्या तुमच्या कायम क्रमांकावरून) पासबुक काढा, त्याच महिन्यांच्या पगार-स्लिपा शेजारी ठेवा, कुठले महिने गायब आहेत त्याची यादी करा आणि ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाका. गोळीबार मैदानाजवळच्या पीएफ ऑफिसातही लेखी देता येतं. कुणाला 'ओळखी'साठी पैसे देऊ नका. ईएसआयसीसाठी (कामगारांच्या आजारपण-अपघात विम्यासाठी) पगाराची मर्यादा २१,००० रुपये आहे. पगारातून ०.७५ टक्के कापत असतील आणि कार्ड दिलं नसेल तर नोंदणी झालीय का ते आजच तपासा. अपघात झाल्यावर ते कळणं फार महागात पडतं.

ग्रॅच्युइटी किती बसते?

शेवटचं वेतन (मूळ पगार, महागाई भत्ता आणि भत्त्यांचा वर सांगितलेला जास्तीचा भाग), गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. २६,००० रुपयांवर ७ वर्षं झाली असतील तर १,०५,००० रुपये. सहा महिन्यांहून जास्तीचा काळ पूर्ण वर्ष धरतात. कायम नोकरीत ५ वर्षांची अट आहे, कमाल रक्कम २० लाख. स्वतःहून राजीनामा दिला म्हणून ग्रॅच्युइटी बुडत नाही. ३० दिवसांत मिळायला हवी.

मी ठेकेदाराकडे आहे. तो पळून गेला.

मूळ कंपनीला गाठा. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. तुम्ही त्या कंपनीतच काम करत होता हे दाखवणारं काहीही चालेल: गेटपास, सेफ्टी ट्रेनिंगची सही, कँटीनचं कूपन, बसचा पास. रांजणगाव-चाकण पट्ट्यात अनेकांकडे नेमणूकपत्रच नसतं, त्यांची केस या बारीकसारीक कागदांवरच उभी राहते.

कामावर लैंगिक छळ होतोय. तक्रार कुठे?

दहा किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीत अंतर्गत समिती हवीच. लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात. पैसे देऊन प्रकरण मिटवण्याचा प्रस्ताव समिती ठेवू शकत नाही. चौकशी चालू असताना बदली किंवा रजा मागण्याचा हक्क तक्रारदार बाईला आहे.

दिवाणी दावा टाकला की पुढे काय काय होतं?

वकील आधी नोटीस पाठवतात. खासगी कंपनीला ती कायद्याने सक्तीची नाही, पण उपयोगी आहे. सरकारविरुद्ध मात्र दोन महिन्यांची नोटीस लागते. मग वादपत्र, वकीलपत्र, कोर्ट फी, कागदपत्रांची यादी. नोंदणी झाली की १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) मिळतो. ई-कोर्ट्स अ‍ॅपमध्ये तो टाकून तारीख स्वतः बघायची सवय लावा.

समन्स बजावलं जाईपर्यंत बऱ्याचदा महिने जातात, कारण कंपनीचा पत्ता बरोबर नसतो. वादपत्रात नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लिहा. मग प्रतिवादीची कैफियत (लेखी उत्तर), ३० दिवसांत, फार तर ९०. त्याहून उशीर कोर्ट माफ करू शकतं, खर्च भरायला लावून. नंतर मुद्दे निघतात. ते वाचा. कुठली गोष्ट तुम्ही सिद्ध करायची आणि कुठली समोरच्याने, ते त्या एका पानावर असतं. सरतपासणी (साक्षीदाराने स्वतःच्या बाजूने सांगायचं ते) प्रतिज्ञापत्रावर होते, उलटतपासणी प्रत्यक्ष. उलटतपासणीत आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, अंदाज सांगू नका. शेवटी युक्तिवाद, निकाल, हुकूमनामा (निकालाप्रमाणे काय करायचं त्याचा आदेश). प्रत्येक तारखेला काय झालं ते रोजनाम्यात असतं, त्याची नक्कल पक्षकाराला मिळते.

नेमणूकपत्रात 'फक्त बेंगळुरूच्या कोर्टाला अधिकार' असं आहे. मी तर खराडीत काम केलं.

दिवाणी दाव्यापुरती ही अट बांधून ठेवते. नोकरीच्या करारातली अशी अट वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं. कामगार कायद्याखालची तक्रार मात्र जिथे काम केलं तिथेच, म्हणजे पुण्यात करता येते.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे. १५१०० वर फोन करा किंवा शिवाजीनगर कोर्टाच्या आवारातल्या ऑफिसात जा. लेबर कोर्टात दाव्याच्या रकमेवर कोर्ट फी लागत नाही. दिवाणी कोर्टात लागते.

लोकअदालतीत मिटवावं का?

रक्कम हातात पडणार असेल तर विचार जरूर करावा. पण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. तडजोड पुरसीसवर (कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या कागदावर) सही करण्याआधी रक्कम, तारीख आणि न दिल्यास व्याज, या तिन्ही गोष्टी लिहिल्यात का ते बघा. 'यापुढे कोणताही हक्क राहणार नाही' या ओळीत पीएफ आणि ग्रॅच्युइटी गिळली जात नाही ना, तेही वाचा. अनुभवपत्र आणि रिलीव्हिंग लेटर देण्याची तारीखही त्याच कागदात घालून घ्या.

निकाल माझ्या बाजूने लागला, तरी कंपनी पैसे देत नाही.

दिवाणी हुकूमनाम्यासाठी दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करायची, मुदत १२ वर्षं. कामगार कायद्याखालच्या रकमेसाठी वसुली दाखला निघतो आणि तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. दाखला निघाला म्हणून घरी बसू नका, तहसील कार्यालयात तो कुणाच्या टेबलावर आहे ते विचारत राहा.

दरखास्तीत जप्त करायची मालमत्ता दाखवण्याचं काम तुमचं असतं. पगाराचा जुना चेक असेल तर त्यावर कंपनीचा खाते क्रमांक आणि शाखा असते. ते खातं गोठवण्याची मागणी करता येते. काहीच माहिती नसेल तर कंपनीने आपल्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं, असा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४१ खाली त्याच दरखास्तीत द्या.